यात हसायचं कुठं?

पोलादपूरहून औद्योगिक वसाहतीत कामाला जाताना एक मावशी मला एसटीत रोज दिसत. मांडीवर भाजीची पाटी आणि पाटीवर मोबाईल. मुंबईत कॉम्प्युटरचं काम करणारा त्यांचा मुलगा रोज सकाळी त्याच्या कामातलाच एखादा विनोद पाठवी. मावशी अक्षराखाली बोट धरून तो विनोद सावकाश वाचत.

एकदा त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "भाऊ, यात हसायचं कुठं, बघा जरा."

प्रोग्राममधली एक चूक दुरुस्त केली आणि नव्या सतरा निघाल्या, असं काहीतरी होतं. मलाही हसायची जागा सापडली नाही.

मावशींनी मोबाईल पदराखाली ठेवला आणि बिरवाडी फाटा जवळ आल्यावर मुलाला हसरा चेहरा पाठवला.

"मघाशीच का नाही पाठवलात?" मी विचारलं.

"लगेच धाडला तर त्याला वाटंल, आय नुसतं बोट दाबते. जरा थांबून धाडला, का वाटतं वाचून हसली."

माझी मुलगीही पुण्याहून असले विनोद पाठवायची. मी दर वेळी प्रामाणिकपणे लिहायचो, 'कळला नाही.'

आता ती फक्त 'जेवलात का?' एवढंच विचारते.