ज्यानं चारली, त्यानं मोजायची नाय

“पोरीचं गणित बरोबरच असंल. माझ्याच लॅपटॉपमधी कायतरी गडबड हाय,” दादा व्हरांड्यात उभे राहून वहिनींना फोनवर सांगत होते. ती पोरगी म्हणजे मी. आत बाकावर बसून मी सगळं ऐकत होते.

स्वतःवर इतक्या सहज संशय घेणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. दादा म्हणजे माझ्या मैत्रिणीचे मोठे भाऊ. आठवडाभर चिकलठाण्याच्या एका कारखान्यातले संगणक सांभाळायचे आणि रविवारी एका कॉलेजकडून मागून घेतलेल्या वर्गात आम्हा दहाबारा जणांची मंडळी भरवायचे. नियम एकच. कुणीही प्रोग्राम लिहून उत्तर काढलं, की दुसऱ्याने मूळ माहिती घ्यायची, लिहून दिलेल्या पायऱ्या वाचायच्या आणि आपल्या मशीनवर तेच उत्तर आलं तरच खाली सही करायची. जगभर अशी मंडळं आहेत, त्यांचे धडे फुकट मिळतात, हे आम्हाला दादांनीच दाखवलं. पण नियम त्यांना त्याआधीपासून ठाऊक होता. त्यांच्या घरी मेंढरं होती. “ज्यानं चारली, त्यानं मोजायची नाय,” असं आजोबा म्हणत. संध्याकाळी कळप मोजायचा तो दुसऱ्यानेच.

दादांनी हा नियम कुठे म्हणून लावला नाही! वहिनींना बघायला गेले, पोहे आवडले, तर कृती लिहून आणली आणि दुसऱ्या दिवशी घरी करून पाहिली. मग निरोप गेला, “मुलगी पसंत हाय, पण ‘चवीपुरतं मीठ’ म्हंजी किती, तेवढं कळवावं.” लग्नपत्रिकेत चितेगावच्या घराचा रस्ता छापण्याआधी त्यांनी एका अनोळखी गृहस्थाला नुसता कागद देऊन पाठवलं. ‘रिकाम्या प्लॉटपाशी डावीकडे वळा’ असं त्यात होतं. प्लॉटवर तोवर चार मजले चढले होते. गृहस्थ भलत्याच लग्नात जेवून समाधानाने परतले. तेव्हापासून दादा प्रत्येक कागदावर तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहायला लावत. “शहर काय अन् सॉफ्टवेअर काय, सहा महिन्यांत वळखू येत नाय.”

त्या वर्षी लागोपाठ दुसरा दुष्काळ होता. सिल्लोडकडच्या विहिरींच्या पाणीपातळीवरून टँकर आधी कुठे पाठवावेत, ते सांगणारा प्रोग्राम मी लिहिला होता. यादी सोमवारी तालुक्याला जायची होती. माझ्या यादीत तळाला असलेलं एक गाव दादांच्या मशीनवर पहिलं येत होतं. त्यांनी लॅपटॉप पुसून पुन्हा सगळं भरलं, कारखान्यातल्या मित्राचा मागून आणला, तरी तेच.

“दादा, लॅपटॉपला मीठ कमी पडलं का?” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. दादाही. मग ते वहिनींना फोन लावायला व्हरांड्यात गेले.

मी हसले नाही. त्या दिवशी सकाळी मूळ तक्ता पुन्हा उघडल्यावर मला कळलं होतं. त्या गावाच्या बऱ्याच ओळींत आकडाच नव्हता. माहिती अर्धवट आहे असं समजून मी त्या हाताने काढून टाकल्या होत्या, आणि पायऱ्यांत तसं लिहिलं नव्हतं. दादांच्या मशीनवर त्या ओळी होत्या, आणि रिकामी जागा म्हणजे शून्य पाणी असं प्रोग्राम धरत होता. आकडा नव्हता, कारण मोजणाऱ्याची दोरी पाण्याला टेकलीच नव्हती.

ती मंडळी आता पांगली. त्या वर्गाच्या जागीही आता दुकानं आहेत. पण दादा फोन ठेवून आत आले आणि “चूक माझीच धरू या” म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं, ते मला अजून दिसतं. वर्षभरात त्या वर्गात मी कधी मोठ्याने बोलले नव्हते.

“दादा, सही करू नका,” मी म्हणाले. “तुमचा लॅपटॉप बरोबर आहे. त्या विहिरी आटलेल्या होत्या, आणि मी त्या पुसून टाकल्या.”