शेवटचं प्रकरण कोणी वाचलं?

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी उपदेश करायला नको... मी फार्मसिस्ट आहे. डिचोलीत औषधाच्या दुकानात काम करते, राहते मुळगावला. आमच्याकडे ताप आला तर लोक आधी देवळात कौल लावतात आणि मग माझ्याकडे गोळी मागायला येतात. मी गोळी देते आणि वर दोन शब्द सुनावते. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आज आहे का, ते विचारू नका. मला झोप नाही, एवढं खरं.

हे सगळं सुरू झालं पुस्तकांवरून. माझे बाबा मूळचे दोडामार्गाकडचे. तरुणपणी खाणीवर ट्रक चालवायला मुळगावला आले आणि इथलेच झाले. खनिज भरायच्या रांगेत तासन्‌तास उभं राहताना त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड लागलं. त्यातही त्यांची अट — गोष्ट जुन्या काळातली हवी. बहामनी चालेल, आदिलशाही चालेल, पोर्तुगीज नुकते किनाऱ्याला लागलेले असले तर फारच उत्तम. इंग्रजांचा अंमल सुरू झाला की बाबा पुस्तक मिटणार. पात्रं बोलण्याऐवजी भाषणं ठोकायला लागली तरी मिटणार. आणि घोडा न थांबता घाट चढला तर लेखकाची काही खैर नाही.

मधुमेहाने त्यांचे डोळे गेले तेव्हापासून मी वाचून दाखवते. दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा मी घरी येते, जेवते आणि त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसते. मोबाइलवर पुस्तकं ऐकवून पाहिली. "तो वाचणारो माझ्याशी बोलणा नाय," म्हणाले. त्यांना पान उलटल्याचा आवाज लागतो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या घरी श्रावणात पोथी वाचायची पद्धत. शेवटचा अध्याय मागे ठेवायचा, समाप्तीला देवाकडे दिवा लावून वाचायचा आणि शिऱ्याचा प्रसाद करायचा. वाचन चालू असताना कोणी खोलीत शिरायचं नाही, हाक मारायची नाही. बाबांनी हा नियम कादंबऱ्यांनाही लावला! शेवटचं प्रकरण म्हणजे समाप्ती, समाप्ती म्हणजे शिरा. माझ्या दादाची बायको, वहिनी, हसायची, पण करायची.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टर फार काही बोलले नाहीत आणि मला औषधांची चिठ्ठी वाचता येते, त्यामुळे बोलायची गरजही नव्हती. तेव्हा एक कादंबरी चालू होती, सावंतवाडीच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून आणलेली. नदीपलीकडच्या गावात देऊळ पाडायची कुणकुण लागते, लोक रातोरात देव उचलून होडीने अलीकडे आणतात, आणि ती होडी वल्हवणाऱ्या बाईची ही गोष्ट. बाबा तिच्यात पार बुडाले होते. एक दिवस मला म्हणाले, "ह्या पुस्तक पुरा झाला की मी मोकळो. मगे माका अडवू नको."

त्या दिवशी मी नियम केला — पुढची कादंबरी घरात आल्याशिवाय या कादंबरीची समाप्ती नाही. बाबांनी कुरकुर केली, पण ऐकलं. शेवटचं प्रकरण मी स्वतःही वाचलं नाही. पुस्तक दिसेल तिथे मला ते उघडावंसं वाटायचं आणि भीतीही वाटायची.

मग माझी वणवण सुरू झाली. तुमच्यापैकी कोणी शोधली असेल तर कळेल, चांगली ऐतिहासिक कादंबरी मिळणं किती कठीण आहे ते. डिचोलीच्या वाचनालयातली संपली होती. दुकानात मिळायच्या त्या सगळ्या एकाच राजाच्या, नाहीतर नुसत्या लढायांच्या. बाबांना हवी होती माणसांची गोष्ट. माझं कामात लक्ष लागेना. एकदा चुकीच्या ताकदीची गोळी कोणाच्या हातात द्यायच्या बेतात होते, मालकाने वेळेवर पाहिलं.

शेवटी सुट्टी काढून पेडण्याला गेले. नमुना दाखवावा म्हणून ती होडीवाली कादंबरी सोबत घेतली, स्कूटरच्या डिकीत टाकली. हे लक्षात ठेवा, पुस्तक माझ्याबरोबर होतं. वाचनालयातल्या बाईंनी ते चाळलं आणि म्हणाल्या, "असं हरमलच्या एका मास्तरांकडे मिळेल." तशीच हरमलला गेले. निवृत्त मास्तर, वरच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देतात आणि खाली कपाटभर मराठी कादंबऱ्या. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला, पण माझं बूड टेकेना. सारखं वाटत होतं, घरी काहीतरी होतंय.

"कोणी आजारी आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

"बाबा."

त्यांनी उठून कपाट उघडलं. विजयनगरच्या काळातली एक जाडजूड कादंबरी काढून दिली. म्हणाले, "सावकाश परत करा."

घरी पोचले तर दिवेलागण झालेली. दारातच साजूक तुपाचा वास. लाटंबार्स्याची, म्हणून कोकणीच बोलणारी वहिनी शिरा वाटीत काढत होती.

"आज शिरा कशाला?"

"समाप्ती जाली न्हय? तूं वाचतालें म्हूण केलो."

"कोण वाचत होतं? मी आत्ता येतेय."

तिने वाटी खाली ठेवली. "मस्करी करूं नाका गो. हांवें आयकलें. सगळी दनपार तुजो आवाज येतालो. पान परतिल्लेंय आयकलें."

"दुपारभर ऐकलंस, मग बघायला का नाही गेलीस?"

"वाचतना भितर वचूंक जायना, तुमच्याच घरचो नेम." आणि मग हळूच म्हणाली, "गाडयेचो आवाज मात आयकूंक नाशिल्लो." माझी स्कूटर आल्याचा आवाज तिने ऐकलाच नव्हता.

मी खोलीत गेले. खुर्ची पलंगाशी ओढलेली होती. बाबा उशीला टेकून बसले होते, चेहरा इतका शांत की मला रडूच आलं.

"बरा वाचलंस आज," ते म्हणाले. "गडबड करूक नाय."

मी कसंबसं विचारलं, "बाबा, शेवट काय झाला?"

"होडी जाळल्यान गो तिना. आपल्या हातान. आणि त्याच आगीर सगळ्यांका भात रांधून वाढल्यान."

मी बाहेर धावले, डिकी उघडली, पुस्तक काढलं. अंगणातल्या दिव्याखाली शेवटचं प्रकरण वाचलं. नदीचा काठ. जळणारी होडी. त्यावर चढवलेलं भाताचं भांडं.

तर्क मी सगळे लढवून झाले. बाबांनी ती तरुणपणी वाचली असेल? ते शपथेवर नाही म्हणतात, आणि वाचली असती तर पहिल्याच प्रकरणात मला शेवट सांगून मोकळे झाले असते. शेजारचा टीव्ही? वहिनी माझा आवाज ओळखत नाही असं कसं म्हणू? मोबाइलमध्ये माझं वाचन कधीच रेकॉर्ड केलेलं नाही, आणि ते प्रकरण तर मी मोठ्याने वाचलंच नव्हतं. दादा म्हणतो, योगायोग. कशाचा योगायोग, ते त्यालाही सांगता येत नाही.

बाबांना काही झालं नाही, हे आधी सांगायला हवं होतं. ते बरे आहेत. विजयनगरवाली कादंबरी दुसऱ्याच दिवशी सुरू केली. पण आता माझं वाचन त्यांना रुचत नाही. मध्येच थांबवतात. "तशी वाच गो, त्या दिवसासारखी." कशी, ते विचारलं की हसतात.

आणि आता विजयनगरवालीसुद्धा शेवटच्या प्रकरणाशी येऊन थांबली आहे. पुढचं पुस्तक आणायला हवं, त्यासाठी बाहेर पडायला हवं, आणि माझा पाय निघत नाही. म्हणून इथे लिहिते आहे — जुन्या काळातली, माणसांची, चांगली जाड कादंबरी माहीत असेल तर सांगा. घरपोच येणारी असेल तर उपकार होतील. बाकी, जे घडलं त्याचा अर्थ मला लागलेला नाही. कोणाला लागत असेल तर तोही सांगा.

आज दुपारी बाबांनी स्वतःच विषय काढला. "जा गो पुस्तक बघूक. कित्याक बसलंस हयसर?"

"मी गेले तर तुमच्याजवळ कोण बसणार?"

"तूच," ते म्हणाले, आणि जागा करून द्यावी तसे पलंगावर थोडे आत सरकले.