सेठचा हात लागेपर्यंत

आमच्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी कितीही पहाटे येऊ द्या, सेठचा हात लागल्याशिवाय ती खाली होत नाही. सेठ येतात, गाडीतून मूठभर कापूस उपसतात, दाबतात, नाकाशी नेतात, मान हलवतात. मग हमाल फाळका उघडतात. आणि सेठ येतात कधी? पूजा, नाश्ता, आदिलाबादच्या मार्केट यार्डातला चहा आणि तिथल्या गप्पा आटोपल्यावर. तोवर फाटकाबाहेर गाड्यांची रांग हायवेला लागलेली असते.

मी इथली क्वालिटी मॅनेजर. ओलावा मोजायचं यंत्र माझ्या हातात असतं, कापसात खुपसलं की आकडा दाखवतं. सेठ म्हणतात, "मशीन को क्या मालूम, बेटी? कपास को हाथ पहचानता है." ओळखत असेलही. पण हात घरी पूजेला बसलेला असताना कापसाने काय करावं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

गंमत म्हणजे व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग शिकायला सेठनेच मला हैदराबादला धाडलं. कुठल्याशा मोठ्या गिऱ्हाइकाने तसा हट्ट धरला होता. पावसाळ्यात जिन बंद असतं, तेव्हा परत येऊन मी ऑफिसच्या भिंतीवर हा लांबच लांब कागद चिकटवला. गाडी फाटकाशी येते तिथून रुईची गाठ बांधून बाहेर पडते तिथवरचं सगळं त्यावर मांडलं. जिथे काम होतं तिथे चौकोन, जिथे माल नुसता पडून राहतो तिथे लाल त्रिकोण. चौकोनांत फारसं काही वावगं नव्हतं. फाटकापाशी मात्र मला एवढा मोठा त्रिकोण काढावा लागला की शेजारचा फिटर बघून हसला.

मग सगळ्यांना बोलावून रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हटलं, गाड्या काऊन थांबतात ते लिहा. कोणी लिहिलं धुकं. कोणी लिहिलं, शेतकरी फार लवकर येतात. कोणी लाइट जाते असं लिहिलं, जणू फाळका विजेवर उघडतो! खरं कारण खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि ते कारण समोरच खुर्चीत बसून सुपारी कातरत होतं. शेवटी माझ्यानेच राहवलं नाही. म्हटलं, "सेठजी, गाड्या तुमच्यासाठी थांबतात."

सेठ रागावतील असं वाटलं होतं. ते खूश झाले! "देखो, कितनी इज्जत करते लोगां," असं चौफेर बघत म्हणाले. मी चिकाटीने नवा नियम वाचून दाखवला: यंत्राचा आकडा बरोबर असेल तर गाडी लगेच खाली. "मंजूर," सेठ म्हणाले आणि खाली सही ठोकली. मी वेडी, मला ते खरं वाटलं.

दसऱ्याच्या आत सेठनेही आपली सुधारणा केली. लोक एवढे आपल्यासाठी थांबतात, तर त्यांची सोय नको? फाटकाशी पत्र्याची शेड आली, बाकं आली, पंखा आला, चहाची टाकी आली. दुखणं हेल्याला आणि डाग पखालीला, दुसरं काय! खंडेनवमीला मशीनींची पूजा झाली, तेव्हा भिंतीवरच्या माझ्या नकाशालाही झेंडूचा हार घालून हळदकुंकू लावलं. नारळ फुटला. हळदीचा डाग नेमका त्या त्रिकोणावर पडला आणि मी प्रसाद खात बघत बसले.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि मामाचा फोन आला. मामा पैनगंगेच्या काठच्या गावात राहतो. कापूस पलीकडे पांढरकवड्याला न्यायचा की आमच्याकडे आणायचा, विचारत होता. गाडी भाड्याची, आणि मिळत होती नेमकी त्याच दिवशी, ज्या दिवशी दुपारी त्याच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मी म्हटलं, "मामा, इकडंच आणा. आता नवा नियम हाये. सकाळी खाली होऊन जाईन, पाहुण्यायच्या आधी तुमी घरी."

मामा उजाडताच फाटकावर हजर. मी यंत्र लावलं, आकडा उत्तम. हमालांना म्हटलं, काढा. हमाल एकमेकांकडे बघायला लागले. त्यांचा मुकादम अगदी गोड आवाजात म्हणाला, "सेठगारू रानिव्वंडी, मॅडम." सेठ येऊ द्या. मी सहीचा कागद दाखवला. त्याने तो आदराने पाहिला आणि पुन्हा तेच म्हणाला.

सेठना फोन लावला. "उतार लो ना, मैं कब ना बोला?" ते म्हणाले. मला हायसं वाटलं, तोच पुढचं वाक्य आलं, "बस, मैं आ के एक मुट्ठी देख लेता."

एक मूठ! माझा तोल गेला. मी स्वतःच गाडीवर चढले आणि फाळक्याची कडी ओढायला लागले. मामाने माझा हात धरला. "उतर खाली, बाई. तमाशा नको करू. तुयी नौकरी हाये इथं."

"मामा, पाहुणे येऊन राह्यले तुमच्या घरी!"

"हाये ना मामी. पाहीन थे."

ऊन चढलं. मामा शेडमध्ये बसला, चहा प्याला, वर पंख्याकडे बघून म्हणाला, "सोय चांगली केली तुमच्या सेठनं." मला रडावं की हसावं कळेना. मामी फोनवर फोन करत होती. पाहुणे निघाले, पाहुणे आले, पोहे झाले, मुलीचा बाप कुठे विचारतात. मग सेठची गाडी आली. ते कानाला मोबाईल लावूनच उतरले, मामाच्या गाडीत हात घातला, मूठ न बघताच खाली टाकली आणि पुढे चालू लागले. फाळका उघडला.

मामा घरी पोचला तेव्हा पाहुणे परतीच्या वाटेला लागले होते. एका मुलीचं जमता जमता मोडलं तर ते माझ्या शब्दामुळे, असं सारखं वाटत होतं. संध्याकाळी मामाचा फोन आला, तो मी दुसऱ्यांदा वाजल्यावर उचलला.

"जमलं, बाई," मामा म्हणाला. "पाहुण्यायनं आत्ताच कळवलं."

"पण तुमी तं नव्हते घरी! राग नाई आला त्यायले?"

"काऊन राग येईन? थे बी कापूसवालेच हायेत. मामीनं सांगतलं, जिनिंगवर सेठची वाट पाहून राह्यले, तं बरोबरच हाये म्हणले. उलटा सकाळीच वापस आलो असतो तं त्यायले वाटलं असतं, याचा कापूस फाटकावरूनच फिरवला."

मामा खुशीत हसत होता. मामेबहिणीचं जमलं याचा मलाही आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण राग इतका आला होता की मी मामाचं अभिनंदन न करताच फोन ठेवून दिला.