मामींच्या गाडीचे दिवे

दिवेमामा म्हणजे कुणी दिव्यांच्या दुकानाचे मालक नव्हेत. गाड्यांचे पुढचे दिवे उन्हाने पिवळे, धुरकट झाले की घासूनपुसून पुन्हा आरपार करून देणारा हा माणूस. हे दिवे आता काचेचे नसतात, प्लॅस्टिकचे असतात, हे निम्म्या गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. उरलेल्या निम्म्यांना वाटतं, टूथपेस्टने चोळलं की काम झालं. अशांना मामा सांगायचे, "चोळा की. महिन्याभराने या." आणि ती मंडळी खरोखरच महिन्याभराने यायची.

वीस-बावीस वर्षांत मामांनी लोकांच्या किती गाड्या उजळल्या त्याला गणती नाही. मामींच्या गाडीला मात्र हात लागला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "माझ्या गाडीचं बघा ना जरा," मामी दोन-तीनदा म्हणाल्या. मामा म्हणाले, "रविवारी." रविवार काय, दर आठवड्याला येतोच. पुढे मामींनी विषय काढणं सोडून दिलं आणि मामांना बरंच वाटलं.

तीन महिन्यांपूर्वी मामी आठ दिवसांच्या तापाने गेल्या. मामांना रडू आलं नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. जेवायचे, चव कळायची नाही. झोपायचे, झोप झाली की नाही ते कळायचं नाही. भेटायला येणाऱ्यांना मात्र एक गोष्ट न चुकता सांगायचे. "पूर्वी रोज संध्याकाळी बहिणीकडे पळायची. शेवटची दोन वर्षं बाहेर पडायचीच नाही. दिवे लागले की इथे शेडच्या पायरीवर येऊन बसायची, माझं काम आटपेपर्यंत. बोलत काही नव्हतो आम्ही. पण बसायची." बत्तीस वर्षांच्या संसारात आपण बायकोला हवेसे होतो, याचा एवढाच पुरावा मामांपाशी होता. सध्या तेवढ्यावरच ते उभे होते.

पुढे गाडी मेहुणीने मागितली. मामींची ही धाकटी बहीण पुलापलीकडे राहायची आणि तिला रोज कामावर जायला वाहन हवं होतं. "ने," मामा म्हणाले, "पण दिवे करून देतो. उद्या दुपारी ये."

"बैल गेला आणि झोपा केला," शेजारचा पंक्चरवाला पुटपुटला. मामांना ते ऐकू गेलं. एरवी त्यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आता ते दिव्याभोवती चिकटपट्टी लावत बसले.

चिकटपट्टी लावायची ती रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. मग पाणी मारत आधी आठशे नंबरचा पॉलिशपेपर, मग बाराशे, मग दोन हजार. आधी पिवळं पाणी गळतं, मग पांढरं. इथेच खरी फसगत असते. ओला दिवा नेहमी स्वच्छच दिसतो, कारण पाणी ओरखडे झाकून टाकतं. म्हणून वरून लॅकरचा पारदर्शक थर मारण्याआधी पुसायचं, वाळू द्यायचं आणि मगच बघायचं. हे मामांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. त्या दिवशी त्यांनी डावा दिवा ओलाच पाहिला, झाला म्हणाले आणि लॅकर मारून मोकळे झाले. अर्ध्या तासाने आत अडकलेली ओल वर आली आणि दिवा ताक ओतल्यासारखा पांढुरका झाला.

"मामा, तुम्ही?" पंक्चरवाल्याचा विश्वासच बसेना.

मामांना स्वतःचा रागसुद्धा आला नाही. मेहुणीला फोन करून त्यांनी संध्याकाळी यायला सांगितलं आणि पुन्हा आठशेचा पेपर हातात घेतला.

मेहुणी आली तेव्हा अंधारून आलं होतं. मामांनी दिवे लावले. समोरच्या भिंतीवरची एकेक वीट दिसू लागली.

"अगंबाई! भावोजी, हे तर अगदी नव्यासारखे!" ती हरखून म्हणाली. मग, मनात काही नसताना, बोलून गेली, "ताईला असे दिवे हवे होते हो. अंधार पडला की पुलापुढचं काही दिसायचं नाही तिला. फोन करायची, आजही येत नाही गं, बसते पायरीवर, दुसरं करू काय?"

मामांचा चेहरा पाहून ती थांबली.

"दुसरं करू काय, असं म्हणायची?"

"म्हणजे... रोज नाही."

"माझ्यापाशी कधी बोलली नाही."

"बोलली होती ना, भावोजी. तुम्हाला वेळ नसतो म्हणाली. कामाचं माणूस, सारखं काय मागे लागायचं."

मामांनी बॉनेटवर हात टेकला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना दुखलं. असं दुखलं की क्षणभर आपल्याला काहीतरी झालंय असंच त्यांना वाटलं.

"चल, मी येतो बरोबर," ते म्हणाले. "दिवे रस्त्यावर बघायला हवेत."

पुलापुढे रस्त्याला दिव्याचे खांब नव्हते. मामा समोर बघत होते. कडेचे दगड, खचलेली साइडपट्टी, वळणावरचा खड्डा, सगळं लांबूनच दिसत होतं. रस्ता मामांच्या ओळखीचा होता. त्याला किती वेळ लागतो, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मेहुणीने घरापाशी गाडी थांबवली.

"किती मिनिटं लागली?" मामांनी विचारलं.

"नऊ-दहा असतील. का हो?"

"दहा मिनिटांची वाट," मामा म्हणाले, "आणि मी तिला रविवारी म्हणत राहिलो."