दत्ताचा खुबा

माझी पोस्टिंग डोंगरातल्या एका लष्करी ठाण्यावर होती. मी नर्सिंग असिस्टंट, हवालदार. लान्सनायक दत्ता आमचा ड्रायव्हर. दोघं एकाच शहरातले, माझं घर चिक्कडपल्लीला, त्याचं नारायणगुड्याला. सकाळी आजारी जवानांची सिक परेड, संध्याकाळी व्हॉलीबॉल. मोडलेल्या हाडाला मी बांधलेल्या स्प्लिंटचं सगळे कौतुक करायचे. दत्ता म्हणायचा, "साब, तुमची गाठ सोडवायला पलटण लागते."

एका सकाळी त्याची गाडी वळणावर घसरून नाल्यात गेली. वायरलेस सेटवर आवाज आला, "वन कॅज्युअल्टी. ड्रायव्हर. ओव्हर."

मी खाली उतरलो. गुडघा डॅशबोर्डवर आदळला होता, मांडी मोडली होती. पाय ताणून स्प्लिंट बांधली.

"साब, मांडीपेक्षा मागं दुखतंय. ढुंगणात."

"हौल्या, येड्या, हाड मोडलंय. दुखणारच."

"एकदा सोडून बघा ना."

"नक्को बोलू. बांधलेली स्प्लिंट वाटेत सोडत नाहीत."

तसा नियमच होता. हॉस्पिटलात मी रिपोर्ट दिला, "मांडीचं फ्रॅक्चर, सर." मागं दुखतंय हे सांगितलं नाही. एक्स-रे मांडीपुरताच निघाला.

खुबा मागे निखळला की पाय आखूड होतो, गुडघा आत वळतो. पण मांडीही मोडली असेल तर ती खूण दिसत नाही. म्हणून अशा वेळी खुब्याचा एक्स-रे काढायचाच. काही तासांत सांधा बसवला तर हाड वाचण्याची आशा असते.

तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात होतो. सर्जन मेजरसाहेबांनी नवीन फिल्म उजेडात धरली. "खुबा बाहेर आहे. जखमी यातलं काही बोलला होता?"

मी गप्प राहिलो.

त्यांनी ऑपरेशन करून सांधा बसवला. पण खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला होता. पुढे ते खचत गेलं. मेडिकल बोर्डाने दत्ताला घरी पाठवलं. त्याने शहरातल्या कोठी भागात पुस्तकांचं दुकान टाकलं. काठी शेवटपर्यंत सुटली नाही. मी दुकानात गेलो की काठी टेकत उठायचा. "बसा साब. चाय सांगतो."

गेल्या महिन्यात दत्ता गेला. तेराव्याला त्याच्या मुलाने माझ्या पायांना हात लावला. "काका, बाबा सगळ्यांना सांगायचे, हवालदारसाबनी माझा पाय वाचवला."

तेव्हाही मी गप्प राहिलो. म्हणून हे लिहिलं. सगळ्यांत आधी त्या मुलानेच वाचावं.

लान्सनायक दत्ता, ड्रायव्हर. कुठे दुखतंय, ते त्याने बरोबर सांगितलं होतं.