गळ्यापर्यंत माती

सेलरी ही जाड दांड्यांची विलायती भाजी लातूरच्या हवेत येत नाही, असं मला बियाणाच्या दुकानदारापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी बजावलं होतं. आली. चांगली हातभर आली. आणि हे मी आजही कोणी न विचारता सांगते.

भूकंपात आमचं गावाकडचं घर कोसळलं, तेव्हा मी लहान होते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नुसत्या हातांनी माती उपसून मला जिवंत बाहेर काढलं. आईपर्यंत पोचायला उशीर झाला. त्यानंतर या शेतकरी माणसानं मातीला हात म्हणून लावला नाही. शेत बटईनं दिलं, आम्ही लातूरला आलो, आणि मोठी झाल्यावर मी क्लासेसच्या पोरापोरींसाठी खानावळ काढली. दादा अंगणात बाजेवर पेपर घेऊन बसायचे. मला ते बघवायचं नाही. त्यांनी एकदा तरी मातीत हात घालावा, एवढाच माझा हट्ट होता.

मेथी लावली, कोथिंबीर लावली. त्यांनी मान वर केली नाही. मग मुद्दाम सेलरी आणली, त्यांनी जन्मात न पाहिलेली. खानावळीचे तांदूळ धुतलेलं पाणी रोज तिलाच.

"गवताला काय पाणी पाजायलीस?" दादा म्हणाले. चला, बोलले तरी!

थंडीत दांडे जाड झाले, पण कडू लागले. दांड्यांना उजेड मिळाला नाही की कडूपणा कमी होतो, म्हणून एका सकाळी मी झाडांना माती चढवली.

दादा ताडकन उठले. "आगं, पार गळ्यापत्तुर गाडलीस की! दम कोंडंल तिचा!" आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती उपसायला लागले. मी खुरपं धरून तशीच उभी. रडू आलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

उजेड अडवायची युक्ती मग त्यांनीच काढली. पेपरातली क्लासची पानभर जाहिरात, पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंची, दांड्यांभोवती गुंडाळून सुतळीनं बांधली. "ही बी पैली यील," म्हणाले.

तीन आठवड्यांनी कागद सोडला तर आत पांढुरके, रसाळ दांडे. दही आणि शेंगदाण्याचं कूट घालून मी कोशिंबीर केली. त्या दिवशी पंगतीत दादा स्वतः वाढत होते.

"आजोबा, तुम्ही पिकवली?" एका मुलीनं विचारलं.

"पिकवली लेकीनं," माझ्याकडं बघत दादा म्हणाले. "म्या नुसतं मातीतनं बाहीर काढलं."