समजा, हा सोडियम आहे

आमच्या शाळेत खडू संपतो, फिनेल संपतं, झेरॉक्सचा कागद तर आल्या दिवशीच संपतो. किस्से मात्र संपत नाहीत. त्यांना अनुदान लागत नाही ना!

शाळा नारायण पेठेत, मराठी माध्यमाची, अनुदानित. अनुदानित म्हणजे जिला सरकार पैसे देतं ती. निदान व्याख्या तरी तशी आहे. आमचे पगार येतात, पण शाळा चालवायला वर जे पैसे लागतात ते हळूहळू आटत गेले. मग पदं जायला लागली. आधी शिपाई गेले, मग चित्रकलेचे सर, मग पीटीचे. त्यात पेठेतली मुलं केव्हाच इंग्लिश मीडियमला पळालेली, त्यामुळे नववीचा पट घसरलेला. आणि पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो, म्हणजे त्याची उचलबांगडी दुसऱ्या शाळेत.

गेल्या वर्षी ही टांगती तलवार होती विज्ञानाच्या परांजपे बाईंवर. मी इतिहासाची, स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची माझी. बाई म्हणायच्या, "अख्ख्या शाळेत विज्ञान शिकवणारी मी एकटी, आणि मीच अतिरिक्त! हे गणित कुलकर्णी सरांनाच विचारायला हवं."

*

पण कुलकर्णी सरांना विचारण्यात अर्थ नव्हता.

शिपाई मामा रिटायर झाले आणि त्यांची जागा काही भरली गेली नाही. मग ज्याला ऑफ तास असेल त्याने घंटा द्यायची असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात पाळी आली गणिताच्या कुलकर्णी सरांची. सर पेपर तपासत बसलेले. कुणा पोराने प्रमेय भलत्याच वाटेने सोडवलं होतं. ते बरोबर की चूक, या विचारात सर जे बुडाले ते वर आलेच नाहीत. मधली सुट्टी झालीच नाही!

शेवटी समोरच्या स्टेशनरीच्या दुकानाचे काका तरातरा रस्ता ओलांडून आले. "अहो, मधल्या सुट्टीवर पण बंदी आली का? तुमच्या घंटेवर मी जेवायला जातो. पोळ्या गार झाल्या माझ्या!"

सरांनी पेपरमधून डोकं वर काढलं. "पण उत्तर बरोबर आहे हो त्याचं!"

*

एकदा खराडीला आयटीत नोकरी करणारे एक गृहस्थ मुलीच्या ॲडमिशनची चौकशी करायला आले. मराठी शाळेत घालायचं म्हणत होते, म्हणजे तसे देवमाणूसच. आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो.

त्यांनी हेडसरांना विचारलं, "सर, तुमच्याकडे स्मार्ट क्लासरूम आहे का?"

हेडसर म्हणाले, "क्लासरूम आहे. स्मार्टचं तुम्ही बघा."

ॲडमिशन अर्थातच झाली नाही. परांजपे बाई पुढे कितीतरी दिवस हेडसरांशी धड बोलत नव्हत्या. "अहो, नववीतली मुलगी होती ती! माझ्या पटात एक डोकं वाढलं असतं. तुमच्या विनोदापायी मी पार शहराच्या टोकाला, कात्रजला जाणार एक दिवस."

*

चित्रकलेचे सर गेल्यावर तो विषय आला माझ्याकडे. का, तर इतिहासाच्या पुस्तकात चित्रं असतात!

आता मला चित्रात एकच गोष्ट येते, ती म्हणजे किल्ला. डोंगर, त्यावर तटबंदी, वर झेंडा. त्यामुळे आम्ही वर्षभर किल्लाच काढला. पावसाळ्यातला किल्ला, उन्हाळ्यातला किल्ला, किल्ल्यावरची जत्रा. परीक्षेला विषय आला 'फळवाला'. सगळ्या वर्गाने फळवाला काढला खरा, पण किल्ल्याच्या पायथ्याशी. एकाने तर त्याला बुरुजावर बसवला होता!

परांजपे बाईंनी चित्रं पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "धंदा कसा होतो हो त्याचा तिथे?"

*

बाईंची स्वतःची गंमत तर याहून मोठी.

प्रयोगशाळेत बाटल्या होत्या, बाटल्यांवर नावं होती, आत मात्र काही नव्हतं. बाईंनी मागण्या करून पाहिल्या, काही दिवस पदरचं आणलं. मग त्यांनी एक शब्द शोधून काढला. 'समजा'. रिकामी बाटली हातात घ्यायची आणि म्हणायचं, "समजा, हा सोडियम आहे. हा रॉकेलात ठेवतात. आता मी एवढासा तुकडा चिमट्याने उचलला. समजा, या वाटीत पाणी आहे. आता टाकते हं... सरका मागे!"

आणि काय सांगू, पहिल्या बाकावरची मुलं खरंच वह्या मागे ओढायची! मी दारातून स्वतः पाहिलंय. वाटी कोरडी ठणठणीत.

शेवटी बाई विचारायच्या, "समजलं का?"

वर्ग ओरडायचा, "समजलं!"

*

पण हे खूळ पसरलं हो! दुपारची खिचडी वाढताना पोरं म्हणायची, "काकू, समजा यात वाटाणा आहे." एका पठ्ठ्याने मला येऊन सांगितलं, "बाई, समजा मी गृहपाठ केलाय."

मी म्हटलं, "असं का? मग समज, तुला मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा झालीय."

गडी जागेवर बसला, दोन मिनिटं डोळे मिटले आणि धापा टाकत म्हणाला, "मारल्या बाई. पाणी पिऊन येऊ?"

मी जाऊ दिलं. काय करणार!

*

मग पट तपासायला शिक्षण खात्याचे साहेब आले. वर्गात डोकी मोजली. कमीच भरली. जाताजाता त्यांनी एक प्रश्न विचारला, "पाण्यात सोडियम टाकला तर काय होतं?"

वैष्णवी उभी राहिली. ही वर्गाची मॉनिटर. वाशीमकडचं कुटुंब, वडील इथे रिक्षा चालवतात. मोठ्या अदबीने तिने विचारलं, "सर, खरा की समजलेला?"

"म्हणजे?"

"खरा आम्ही पाह्यला नाही जी. समजलेला टाकला तर वह्या मागं घ्यायच्या."

साहेब माणूस चांगला होता. आधी हसला, मग हसायचा थांबला. बाहेर व्हरांड्यात बाईंना म्हणाला, "बाई, माझ्या हातात काही नाही. वरून आदेश आहेत. परिस्थिती समजून घ्या."

बाई म्हणाल्या, "त्या बाबतीत आमच्या शाळेचा हात कुणी धरणार नाही, साहेब."

*

दिवाळीनंतर ऑर्डर आली. बाईंची शाळा बदलली, आणि खरंच कात्रजच्या पुढे! त्यांचंच बोलणं खरं झालं. हेडसर ओशाळून कोपऱ्यात उभे होते. बाईंनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात ठेवली. "सांभाळा. आत काही नाही, पण कुलूप चांगलं आहे."

मला रडू आलं, खरं सांगते. बाई नाही रडल्या. म्हणाल्या, "नववीचा धडा अर्धा राहिलाय हो," आणि भरभर जिना उतरून गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी नववीच्या विज्ञानाच्या तासाला हेडसर मला म्हणाले, "तुम्ही जा. समजा, तुम्ही विज्ञानाच्या आहात." बोलले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

मी निघाले. शिक्षक नसलेली नववी म्हणजे मासळी बाजार! मी लांबूनच ओरडायची तयारी केली होती. पण आवाजच येईना. दारात जाऊन थबकले.

फळ्यावर तारीख होती. खाली विषय, विज्ञान. त्याखाली एकच शब्द, 'समजा', आणि पुढे स्वल्पविराम. टेबलावर कोरडी वाटी. खुर्ची जराशी मागे ओढलेली, बाई ओढायच्या तशी.

सगळा वर्ग उठून उभा राहिला. माझ्यासाठी नाही, मला अजून कुणी पाहिलंच नव्हतं.

"नमस्ते, बाई!"

पोरं बसली. पुस्तकं उघडली. थोडा वेळ सगळे टेबलाकडे बघत राहिले, अगदी लक्ष देऊन. आणि मग पहिल्या बाकावरच्या मुलांनी वह्या मागे ओढल्या.

वैष्णवीची नजर माझ्याकडे गेली. ती हळूच म्हणाली, "बाई, आत या ना. परांजपे बाईंचा तास चालू आहे."

तिने सरकून पहिल्या बाकावर जागा केली. मी जाऊन बसले, आणि मांडीवरची पर्स जरा मागे ओढून घेतली.